भिंगावरचें पितळी कडें

आज ज्या वस्तूविषयीं मी आपल्याशीं बोलणार आहें, ती तळहातावर सहज मावते आणि तिचें वजन दोन-चार तोळ्यांहून अधिक भरत नाहीं. कॅमेऱ्याच्या भिंगाच्या तोंडावर बसवावयाचें तें एक कडें आहे. त्याच्या एका बाजूस बाहेरून आटे पाडलेले असतात. ती बाजू भिंगाच्या तोंडांत फिरवून बसवावयाची. दुसरी बाजू अधिक रुंद असून तिला आंतून आटे असतात. तींत रंगीत कांच, म्हणजे ज्याला आपण फिल्टर म्हणतों तो, बसवावयाचा. लहान तोंडाच्या भिंगावर मोठ्या तोंडाचा फिल्टर चढविण्याची ही युक्ति. बाजारांत हिला ‘स्टेप-अप रिंग’ असें नांव आहे. हीं कडीं अल्युमिनमचीं मिळतात आणि पितळेचींहि मिळतात. यांतलें कोणतें घ्यावें आणि कां, एवढाच आजचा प्रश्न. परंतु त्याचें उत्तर नीट समजावयाचें तर थोडें मागें जावें लागतें.

या कड्याकडे माझें लक्ष वेधलें तें एका फजितीमुळें. कांहीं वर्षांपूर्वीं वाशीम येथें बालाजीच्या देवळाजवळील तळ्याच्या कांठीं एका कुटुंबाचें छायाचित्र घेण्याचें मीं कबूल केलें होतें. दुपारीं पाण्यावरील चकाकी मोडावी म्हणून मीं भिंगावर अल्युमिनमचें कडें आणि त्यावर पोलरायझर जातीचा फिल्टर चढविला. ही कांच निम्म्याहून अधिक प्रकाश गिळते. घरांतील वडील मंडळींना यावयास उशीर झाला आणि दिवस कलला. आतां कांच काढावी म्हणून हात घातला, तों कडें भिंगाला घट्ट धरून बसलेलें! ओढून पाहिलें, पिळून पाहिलें, रुमालांत धरून पाहिलें. जितका जोर करावा तितकें तें अधिकच आवळूं लागलें. अखेर त्या काळसर कांचेंतूनच चित्र घ्यावें लागलें. प्रकाशकाल लांबला आणि मधोमध बसलेल्या आजोबांचा चेहरा हालून पुसट आला. त्यांचा नातू दुसऱ्या दिवशीं नोकरीसाठीं दूर देशीं जावयाचा होता. पुढें तीं सर्व माणसें पुन्हां एकत्र जमलीं, तेव्हां आजोबा त्यांत नव्हते. दोष माझाच होता. कडें निवडतांना मीं माप पाहिलें, पण धातु पाहिला नाहीं.

तेव्हांपासून जुने कारागीर भिंगांना पितळ कां वापरीत, याचा मी शोध घेऊं लागलों. त्या शोधांत असें दिसून आलें कीं, भिंगापुढें रंगीत कांच कां लागते हें समजावयास आमच्या मुलखानें जन्मास घातलेलीं अजिंठ्याचीं लेणीं उपयोगीं पडतात, आणि ती कांच धरणारें कडें वेळेवर सुटणें कां अगत्याचें आहे, हें समजावयास १८९८ सालचें एक सूर्यग्रहण उपयोगीं पडतें. त्या ग्रहणाची छाया याच मुलखावरून गेली होती. म्हणून या दोन गोष्टी क्रमानें सांगतों.

प्रथम अजिंठा. वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ती राजधानी होती. या शाखेचा राजा हरिषेण पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत होऊन गेला. अजिंठ्याचें सोळावें लेणें त्याचा अमात्य वराहदेव यानें करविलें, हें त्या लेण्यावरील शिलालेखावरून कळतें. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६० नंतरच्या दशकांत अजिंठ्याचे लेख वाचून प्रसिद्ध केले, तेव्हां या इतिहासाला वाचा फुटली. म्हणजे वाशीमच्या राजसभेंतील एका माणसाच्या दानामुळें ज्या भिंती रंगल्या, त्यांची छायाचित्रें घेण्याचा प्रश्न पुढें चौदा शतकांनीं उभा राहिला.

त्या भिंतींवरील रंग पहा: गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, हिरव्या दगडाचा हिरवा, काजळाचा काळा आणि क्वचित् राजावर्ताचा निळा. मेजर रॉबर्ट गिल हे लष्करी अधिकारी १८४४ पासून या चित्रांच्या रंगीत प्रतिकृति तयार करीत होते. त्यांतील बहुतेक प्रतिकृति १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगींत जळून गेल्या. गिल यांनीं कॅमेराहि हातीं धरला होता आणि त्यांच्या छायाचित्रांचें पुस्तक १८६४ सालीं निघालें. पण रंगीत भिंतीपुढें त्या काळचा कॅमेरा फार दुबळा होता. तेव्हां कोलोडिअनचा ओला लेप दिलेली कांच वापरीत. ती निळ्या आणि जांभळ्या प्रकाशाला तेवढी जागी असे. तांबडा व पिवळा प्रकाश तिच्या लेखीं अंधारच. त्यामुळें गेरूनें रंगविलेलें अंग तिच्यावर काळपट उमटे आणि निळें वस्त्र पांढरें फटफटीत दिसे. डोळ्यांनीं पाहिलेलें चित्र एक आणि कांचेवर उतरलेलें चित्र दुसरेंच.

यावर पहिला उपाय १८७३ सालीं सांपडला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान फोगेल यांना असें आढळून आलें कीं, प्रकाशाला भिणाऱ्या त्या लेपांत विशिष्ट रंगद्रव्य मिसळलें म्हणजे तो हिरव्या व पिवळ्या प्रकाशालाहि जागा होतो. पुढें तांबड्या प्रकाशाला जाग देणारीं द्रव्येंहि मिळालीं. इंग्लंडांत क्रॉयडन येथील रॅटन आणि वेनराइट या पेढीनें १९०६ सालीं सर्व रंगांना जाग्या असलेल्या कांचा विक्रीस आणल्या. तरीहि एक अडचण उरलीच. निळ्या प्रकाशाचा जोर या नव्या लेपांवरहि अधिकच पडे. तो जोर कमी करावयाचा तर भिंगापुढें पिवळी कांच धरणें हाच मार्ग. पिवळी कांच निळ्या किरणांना अडविते आणि इतरांना वाट देते. मग आकाश राखाडी उमटतें आणि त्यांतले ढग दिसूं लागतात. त्याच पेढींत केनेथ मीझ यांनीं निरनिराळ्या कामांसाठीं अशा रंगीत कांचांची मालिकाच तयार केली. १९१२ सालीं ती पेढी अमेरिकेंतील ईस्टमन यांच्या कोडॅक कंपनीनें विकत घेतली, पण त्या कांचांना रॅटन हें नांव पुढेंहि राहिलें. गुलाम याजदानी यांचे अजिंठ्यावरील ग्रंथ १९३० पासून निघूं लागले आणि त्यांत रंगीत चित्रें छापतां आलीं, तीं रंगांचें असें पृथक्करण साधल्यावरच.

रंगीत कांच आवश्यक ठरली, परंतु ती भिंगापुढें धरावयाची कशी? हातानें धरली तर थरथरते. दोऱ्यानें बांधली तर तिरपी होते. कांच भिंगाशीं अगदीं समांतर राहिली पाहिजे आणि कडेनें उजेड आंत शिरतां कामा नये. येथें आपलें कडें पुढें येतें, आणि त्याबरोबर पितळहि.

भिंग आणि पितळ यांची सोबत छायाचित्रणाच्या जन्माइतकीच जुनी आहे. दागेर यांची कृति १८३९ सालीं जगापुढें आली आणि लगेच १८४० सालीं व्हिएन्नाचे गणिती पेत्सवाल यांनीं माणसांचीं चित्रें झटपट घेतां येतील असें भिंग गणित करून काढलें. फॉइग्टलेंडर या कारागिरानें तें घडविलें आणि त्यासाठीं जो कॅमेरा केला तो सबंध पितळेचा होता. तेव्हांपासून जवळजवळ शंभर वर्षें चांगलें भिंग म्हणजे पितळेच्या नळींतलें भिंग असेंच समीकरण राहिलें. १८५८ सालीं जॉन वॉटरहाउस यांनीं प्रकाश कमी-अधिक करण्यासाठीं भोंकें पाडलेल्या पट्ट्या काढल्या, त्याहि बहुधा पितळेच्याच असत.

पितळच कां? आमच्या तांबट-कासारांना याचें उत्तर पुस्तकांत शोधावें लागणार नाहीं. तांबें आणि जस्त यांचा हा मिलाफ लोखंडासारखा गंजत नाहीं. तो लेथवर चढविला तर हत्याराखालीं मऊपणें कापला जातो. त्यांत थोडें शिसें असलें तर कपचे आंखूड तुटतात आणि आटे स्वच्छ निघतात. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पितळेचा आटा दुसऱ्या धातूच्या आट्यावर घासला तरी सहसा त्याला चिकटत नाहीं. घरांतील पितळी डब्याचें फिरकीचें झांकण वर्षानुवर्षें सहज उघडतें, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे.

मात्र पितळेच्या या काळांत एक मोठा घोटाळा होता. प्रत्येक कारागिराचे आटे वेगळे. एकाचें कडें दुसऱ्याच्या भिंगाला बसत नसे. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं आट्यांचें एक ठरीव माप सुचविलें. त्यांत आट्याचा कोन ५५ अंशांचा धरला होता. पुढें लंडनच्या सूक्ष्मदर्शक मंडळानें १८५८ च्या सुमारास आपल्या भिंगांसाठीं एका इंचांत ३६ आटे हें माप ठरविलें आणि तें इतकें सोयीचें ठरलें कीं, सूक्ष्मदर्शकांत तें आजहि चालतें. कॅमेऱ्याच्या बाबतींत मात्र एकी व्हावयास फार काळ लागला. एका इंचांत ३६ आटे म्हणजे दर आट्याला सुमारें ०.७०६ मिलिमीटर, आणि आजच्या बहुतेक फिल्टरांचा आटा ०.७५ मिलिमीटरचा. या दोन मापांत केसाएवढेंच अंतर आहे. पण असेच जवळजवळ सारखे दोन आटे एकमेकांत घातले तर पहिला वेढा गोडीगुलाबीनें जातो आणि दुसऱ्या वेढ्याला गळा धरला जातो. अगदीं न जुळणारें कडें बसतच नाहीं, म्हणून तें निरुपद्रवी. जवळजवळ जुळणारें कडें बसतें आणि मग निघत नाहीं.

ही मापांची अडचण आमच्याकडील कारागिरांनाहि पुरतीच जाणवली असली पाहिजे. मुंबईस १८५४ सालीं छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे या कलेंतले आरंभींचे एतद्देशीय जाणकार होते. पण भिंगें विलायतेंतून येत. कोल्हापुरास आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनीं चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः बनविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं दामले यांच्या साहाय्यानें १९१८ सालीं तो कॅमेरा पुरा केला आणि त्यावर घेतलेला ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० सालीं लोकांपुढें आला. ज्यानें असें यंत्र घरीं घडविलें आहे, त्याला एक आटा दुसऱ्याशीं जुळविणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको.

आतां त्या ग्रहणाची गोष्ट सांगतों. २२ जानेवारी १८९८ रोजीं दुपारीं हिंदुस्थानावरून खग्रास सूर्यग्रहणाची छाया गेली. ती कोंकणच्या किनाऱ्यावर चढून ईशान्येकडे सरकत गेली. विजयदुर्गास नॉर्मन लॉकियर यांचें ठाणें होतें. सोलापूर जिल्ह्यांत जेऊर येथें पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांववाला आणि अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल होते. कॅम्बेल यांनीं चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभारला होता. आणि वऱ्हाडांत धामणगांव व पुलगांव यांच्या मध्यें असलेल्या तळणी येथें ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी उतरली होती. त्यांत वॉल्टर माउंडर, त्यांच्या पत्नी ॲनी माउंडर आणि पुढें कोडाइकनालच्या वेधशाळेचे प्रमुख झालेले जॉन एव्हरशेड हे होते.

नकाशा घेऊन जेऊर व तळणी हीं दोन ठिकाणें सरळ रेघेनें जोडा. ती रेघ वाशीमच्या आग्नेयेस कांहीं कोसांवरून आणि मानोऱ्याच्या बाजूनें जाते. तेव्हां बाशीम हा वऱ्हाडांतला स्वतंत्र जिल्हा होता. तो १९०५ सालीं मोडला गेला आणि वाशीम जिल्हा पुन्हां झाला तो १ जुलै १९९८ रोजीं, म्हणजे त्या ग्रहणाला शंभर वर्षें उलटून गेल्यावर. दुर्बिणींच्या जड पेट्या न्यावयाच्या तर आगगाडी जवळ हवी. जेऊर, तळणी, पुलगांव हीं सर्व ठाणीं लोहमार्गावरचीं आहेत. वाशीमला त्या वेळीं आगगाडी आलेली नव्हती. भर दुपारीं आमच्या मुलखावर सांज उतरली, पण पितळी भिंगें घेऊन बसणारी मंडळी शेजारच्या जिल्ह्यांत राहिली.

त्या दिवशीं तळणीस ॲनी माउंडर यांच्याजवळ जें भिंग होतें, तें कॅम्बेल यांच्या चाळीस फुटी यंत्रापुढें खेळण्यासारखें होतें. दीड इंच व्यासाचें तें डॉलमेयर यांच्या कारखान्यांतील भिंग. परंतु सूर्याच्या प्रभामंडलांतून निघालेला एक लांबच लांब किरण त्यांनीं त्या भिंगानें टिपला. तोंवर इतक्या लांबीचा किरण कोणाच्याहि छायाचित्रांत उमटला नव्हता. मोठें यंत्र सूर्याच्या कडेचा बारकावा दाखवी. लहान आणि रुंद दृष्टीच्या भिंगानें दूरवर पसरलेला मंद प्रकाश पकडला.

खग्रास स्थिति तेथें सुमारें दोन मिनिटें टिकली. समुद्रापलीकडून येऊन, तंबू ठोकून, दिवसचे दिवस सराव करून जें करावयाचें तें त्या दोन मिनिटांत करावयाचें. त्या वेळीं एखादें झांकण अडकलें, एखादा आटा रुसला, तर पुन्हां संधि नाहीं. आज ग्रहणाचें छायाचित्र घेणारा माणूस भिंगापुढें सूर्याची गडद कांच बसवितो. सूर्य पूर्ण झांकला जाईपर्यंत ती भिंगावर असलीच पाहिजे, नाहीं तर भिंगांतून पाहणाऱ्याचा डोळा आणि यंत्र दोन्ही जातील. आणि खग्रास होतांच ती तत्क्षणीं काढली पाहिजे, नाहीं तर प्रभामंडल दिसणारच नाहीं. सूर्याची कड पुन्हां उजळण्याच्या आंत ती परत बसविली पाहिजे. पुढील खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ रोजीं हिंदुस्थानच्या अगदीं उत्तर टोकाला, काश्मीर-लडाखच्या बाजूस दिसेल. तेथें जाणाऱ्यानें कडें कसें निवडावें? माझें उत्तर एकच: जें कडें वेळेवर सुटतें तें. कड्याची खरी परीक्षा तें किती घट्ट बसतें यांत नाहीं, हवें तेव्हां किती सहज निघतें यांत आहे.

आतां आजच्या व्यवहाराकडे येऊं. विसाव्या शतकाच्या आरंभीं फिल्टर भिंगाच्या नळीवर बाहेरून टोपीसारखा दाबून बसवीत. मग अमेरिकेंत गोल कांचांना रोमन अंकांचीं मापें आलीं: सहाव्या मालिकेची कांच ४१.३ मिलिमीटरची, सातव्या मालिकेची ५०.८ मिलिमीटरची. प्रत्येक भिंगासाठीं जोडकडें वेगळें आणि कांच मात्र तीच, ही कल्पना तेथेंच रुजली. १९५९ सालीं जपानांत निकॉन एफ हा कॅमेरा निघाला आणि त्याच्या बहुतेक भिंगांना ५२ मिलिमीटरचें एकच तोंड ठेवलें होतें. पेंटॅक्सकडे ४९ हें माप पुष्कळ काळ चाललें. पुढें भिंगें मोठीं होत गेलीं आणि ५५, ५८, ६२, ६७, ७२, ७७, ८२ अशी मापांची माळच लागली. आज एका साध्या छायाचित्रकाराजवळ तीन भिंगें असलीं तर तीन तोंडें असतात, आणि प्रत्येकासाठीं वेगळी कांच घ्यावयाची म्हटलें तर भिंगापेक्षां कांचाच महाग पडतात.

म्हणून रीत अशी ठेवावी. आपल्या सर्व भिंगांत ज्याचें तोंड सर्वांत मोठें, त्या मापाचा एकच उत्तम फिल्टर घ्यावा आणि लहान भिंगांसाठीं कडीं घ्यावीं. कड्यावर दोन आंकडे असतात, उदाहरणार्थ ५२–७७. पहिला आंकडा भिंगाचा, दुसरा फिल्टरचा. पहिला लहान आणि दुसरा मोठा असला पाहिजे. उलट असेल, म्हणजे ७७–५२, तर तें कडें मोठ्या भिंगावर लहान कांच चढवितें आणि चित्राचे कोपरे काळे पडतात. एकावर एक तीन-चार कडीं रचूं नयेत. कांच भिंगापासून जितकी पुढें जाते तितकी रुंद दृष्टीच्या भिंगाला तिची कड दिसूं लागते, आणि जितके आटे अधिक तितक्या अडकण्याच्या जागा अधिक. प्रत्येक भिंगाला एक कडें, हें उत्तम.

आतां धातु. अल्युमिनम हलकें आणि स्वस्त. पितळेचें वजन त्याच्या तिपटीहून थोडें अधिक. कांहीं जण म्हणतात कीं उन्हाळ्यांत अल्युमिनम फुगतें म्हणून तें अडकतें. वाशीमचा उन्हाळा मोठा कडक आहे, तेव्हां हें खरें वाटतें. म्हणून आपण हिशेब करून पाहूं. ७७ मिलिमीटरचें कडें ३० अंशांनीं तापलें तर अल्युमिनमचें सुमारें ०.०५३ मिलिमीटर वाढेल आणि पितळेचें सुमारें ०.०४४. दोहोंतला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाइतकाहि नाहीं. म्हणजे खरें कारण उष्णता नव्हे. खरें कारण घर्षण. अल्युमिनमच्या अंगावर नेहमीं एक पातळ, कठीण साय धरलेली असते. अल्युमिनमवर अल्युमिनम दाबून घासलें कीं ती साय फुटते, आंतलें मऊ व उघडें अंग दुसऱ्या उघड्या अंगाला चिकटतें, आणि मग जोर केला कीं धातूचे कण ओढले जाऊन आट्यांत पाचर बसते. त्या दिवशीं तळ्याच्या कांठीं माझ्या हातांत जें अधिकाधिक आवळत होतें, तें हेंच. बहुतेक भिंगांचीं तोंडें आणि फिल्टरांच्या चौकटी अल्युमिनमच्या असतात. त्यांच्यामध्यें पितळेचें कडें घातलें म्हणजे दोन्हीकडे भिन्न धातूंची गांठ पडते आणि चिकटण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. पितळेच्या बाजूचें सर्व पुण्य एवढेंच आहे, पण तें थोडें नाहीं.

कडें विकत घेतांना कांहीं गोष्टी स्वतः पहाव्या. एक, वजन: सारख्या मापाचीं दोन कडीं दोन हातांत धरलीं तर पितळेचें लगेच कळतें. लोहचुंबकाचा येथें उपयोग नाहीं, कारण तो दोहोंपैकीं कोणालाच ओढीत नाहीं. दोन, आंतला काळा लेप: पितळ मूळचें चकचकीत, आंतली बाजू मिणमिणीत काळी नसेल तर तिच्यावरून परतलेला उजेड चित्रावर धुकें आणतो. तीन, बाहेरची कड: बोटांना पकड मिळेल असे बारीक खांचे असावेत. चार, आटे: उजेडाकडे धरून पहावे, कोठें चेपलेला किंवा कपचा राहिलेला दिसला तर तें कडें घेऊं नये. पांच, भिंगाची उन्हाची टोपी: मोठें कडें बसविल्यावर भिंगाची मूळची टोपी बहुधा बसत नाहीं, फिल्टरच्या मापाची वेगळी टोपी घ्यावी लागते, हा खर्च आधींच धरावा.

बसवितांना घाई करूं नये. ०.७५ मिलिमीटरच्या आट्याची खोली अर्ध्या मिलिमीटरहूनहि कमी असते. तो तिरपा बसावयास वेळ लागत नाहीं. कडें तोंडावर सपाट ठेवून आधीं उलट्या दिशेनें हळूं फिरवावें. आटा आट्याच्या तोंडाशीं आला कीं बोटांना बारीकसा ठोका लागतो. तेथून सुलट फिरवावें. दोन बोटांच्या जोरानें जेवढें जाईल तेवढें पुरे. शेवटीं आवळूं नये. आमच्या काळ्या मातीची धूळ फार बारीक असते, आणि पोहरादेवीच्या यात्रेंत एक दिवस उभें राहिलें कीं ती आट्यांत जाऊन बसते. म्हणून कडें चढविण्यापूर्वीं मऊ कुंचल्यानें आटे झाडावे. तेल घालण्याचा मोह टाळावा, कारण तें कांचेवर चढतें. आणि एवढें करूनहि अडकलेंच, तर दोन बाजूंनीं चिमटींत धरून पिळूं नये. चिमटीनें वर्तुळ लांबट होतें आणि आटे आणखी आवळतात. रबराची सपाट पट्टी सगळ्या कडेला लपेटून किंवा तळहाताएवढें सपाट रबर पुढून टेकवून, सर्व बाजूंनीं सारखा दाब ठेवून फिरवावें. हें मला आधीं माहीत असतें तर आजोबांचा चेहरा वांचला असता.

जुनीं भिंगें जवळ असणारांसाठीं आणखी एक गोष्ट. ज्या तोंडाला बाजारांतलें कोणतेंच कडें बसत नाहीं, त्यासाठीं हातचा लेथवाला उपयोगी पडतो. त्याला नुसता आंकडा सांगूं नये. भिंग आणि फिल्टर दोन्ही दाखवावे, आट्यांचें अंतर मापूं द्यावें, आणि पितळेचाच तुकडा वापरावयास सांगावें. असें कडें बाजारच्या कड्याहून देखणें नसेल, पण तें नेमकें बसेल आणि नेमकें सुटेल.

अजिंठ्याचे रंग जसेच्या तसे दिसावे म्हणून रंगीत कांच आली. ती कांच धरण्यासाठीं कडें आलें. आणि निसटणाऱ्या क्षणाला उशीर होऊं नये म्हणून तें पितळेचें असावें, असें अनुभवानें ठरलें. माझ्या पेटींत आतां तीन पितळी कडीं आहेत. एकावरचा काळा लेप कडेनें झिजून आंतलें पिवळें अंग दिसूं लागलें आहे. कोणाच्या घरीं छायाचित्रासाठीं जावयाचें असलें म्हणजे आदल्या रात्रीं मी तीं तिन्ही एकदां चढवितों आणि एकदां उतरवितों. चढतात तर सगळींच. मी पाहतों तें उतरण्याकडे.